पार्बताबाईंचा उजवा हात

पार्बताबाई कुणाशीही बोलू लागल्या की त्यांचा उजवा हात आपोआप हनुवटीपाशी यायचा. एसटीच्या कंडक्टरकडे देवळीचं तिकीट मागताना यायचा, भाजीवालीशी वांग्यांवरून हुज्जत घालताना यायचा, देवळात हात जोडायच्या आधी काहीतरी पुटपुटतानासुद्धा यायचा. बोटं मिटायची, उघडायची. कधी एक बोट नाकाच्या बाजूला टेकायचं, कधी अंगठा गळ्याला लागायचा. पाहणाऱ्याला वाटावं, बाईला तोंडावरच्या माशा हाकलायची खोड आहे. पहिल्या भेटीत मलाही तसंच वाटलं. आणखी पाच मिनिटांनी वाटलं की ही बाई लबाड आहे. माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं मी तेव्हा समजत असे.

आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षीचा तो जून. वर्ध्याला मूकबधिर मुलांची एक लहानशी शाळा होती. भाड्याच्या घरात चार खोल्या, मागच्या दोन खोल्यांत वसतिगृह. मी नागपूरहून प्रशिक्षण घेऊन नुकतीच तिथे लागले होते. वय तेवीस आणि अंगात मिशनऱ्याचा जोर. आम्हाला शिकवलं होतं की बहिरं मूल बोलू शकतं, फक्त त्याचे हात आवरले पाहिजेत. हातवारे करू दिले की ते आळशी होतं, ओठांकडे बघत नाही, आवाज काढत नाही. म्हणून माझ्या वर्गात मुलं हात मांडीखाली दाबून बसत. कुणाचा हात वर आला की मी नुसती बघायचे. तेवढ्याने तो खाली जायचा, आणि त्या नजरेचा मला अभिमान होता.

पार्बताबाई आल्या त्या सहा वर्षांच्या पमीला घेऊन. पमी त्यांच्या भावाची मुलगी. तिची आई बाळंतपणात गेली, भावाने वडनेरला दुसरा संसार मांडला, आणि जन्मापासून ऐकू न येणारी ही पोर नव्या घरात कुणाला नको होती. पार्बताबाईंचा नवरा वारला होता, मूल नव्हतं. त्या तिला देवळीला घेऊन आल्या. पमी म्हणजे दोन टपोरे डोळे आणि त्यांच्यामागे बसलेला एक प्रश्न. खोलीत शिरल्यापासून ती एकेका वस्तूकडे बोट दाखवून आत्याला विचारत होती. आवाज नाही, फक्त ओठ हलायचे आणि अंगठा गळ्याला लागायचा.

"काय म्हणते आहे ती?" मी विचारलं.

"काऊन म्हनते," पार्बताबाई म्हणाल्या. "दिवसभर काऊन, काऊन. फळा काया काऊन, पंखा वरतं काऊन. डोकं खाते पोरगी." काऊन म्हणजे का, एवढं मला नागपुरात राहून कळत होतं.

मी तिची चाचणी घेतली. टेबलावर तीन चित्रं मांडली, पाट, भात आणि माठ. हे तीन शब्द ओठांवर सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. ओठ मिटतात, आ होतो, जीभ वर लागते. मूल चुकणार हे मला ठाऊक होतं. चुकलं की पालकांना शाळेची गरज पटते, म्हणून मी ही चित्रं नेहमी पुढे ठेवायचे. मी आवाज न करता "माठ" म्हटलं. पमीने भातावर बोट ठेवलं. मी "पाट" म्हटलं. तिने माठ दाखवला. मी समाधानाने वहीत लिहू लागले.

"मी इचारून पाहू का, मास्तरीनबाई?" पार्बताबाईंनी विचारलं.

त्याही आवाज न करता बोलल्या. पण उजवा हात हनुवटीपाशी होता. उघडा पंजा हनुवटीला टेकला, पमीने पाटावर बोट ठेवलं. मूठ टेकली, भात. बोट नाकाला लागलं, माठ. त्यांनी चित्रं उलटसुलट केली, मी आणखी चित्रं आणली. पमी एकदाही चुकली नाही. चुकत नाही म्हणून ती हसत होती, आणि मला त्या हसण्याचा राग येत होता.

"हे खुणा करणं झालं," मी म्हटलं. "खुणेने काय, कुणीही सांगेल. ही नक्कल झाली, परीक्षेतल्यासारखी."

"इशारा नाई हो बाई. माठाचा इशारा अलग." त्यांनी दोन्ही हातांनी हवेत माठाचं पोट काढून दाखवलं. "हे तं बोलनंच हाय. तोंड सांगते, हात साक्ष देते."

हे वाक्य मी पुढे त्यांच्याकडून अनेकदा ऐकलं. त्या दिवशी मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हे कुठे शिकलात असं मात्र विचारलं. त्या म्हणाल्या, "जिनात."

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीनंतर सुरू व्हायचा, होळीच्या मागेपुढे थांबायचा. लांबच लांब शेड, दोन्ही बाजूंना यंत्रांची रांग, यंत्रापाशी कापूस लोटत उभ्या बायका. आवाज इतका, की कानाशी ओरडलं तरी कळू नये. पण आठ तास गप्प बसणं कुठल्या बाईच्या नशिबी लिहिलेलं नसतं. पार्बताबाईंच्या सासूच्या वेळेपासून तिथल्या बायका एका हाताने कापूस लोटत आणि दुसऱ्या हाताने बोलत. नुसत्या ओठांवर भागत नसे. निम्मे शब्द सारखेच दिसत आणि त्यावरून भांडणं होत. मग कुणा शहाणीने काढलं, की जे अक्षर नाकातून येतं त्याला बोट नाकाला लावायचं, जे गळ्यातून येतं त्याला गळ्याला. पमी बहिरी आहे हे कळल्यावर पार्बताबाईंनी त्यात आपल्या डोक्याने भर घातली. एकसारखी दिसणारी अक्षरं एकेक करून निवडली, प्रत्येकाला हाताची वेगळी ठेवण दिली आणि पोरीला मांडीवर घेऊन त्या तिच्याशी बोलू लागल्या.

"जिनात समद्या बहिऱ्याच असते, बाई," त्या म्हणाल्या. "भोंगा झाला का आमाले पुन्हा ऐकू येते. पमीचा भोंगा होत नाई, येवढाच फरक."

आज हे लिहिताना मला वाटतं, की त्या क्षणी मी खुर्चीवरून उठून या बाईच्या पायाशी वही घेऊन बसायला हवं होतं. एक अक्षर न वाचता येणाऱ्या बाईने, बहिऱ्या मुलापर्यंत अख्खी मराठी पोचवायची वाट काढली होती. मी तिला म्हटलं, "शाळेत घ्यायचं असेल तर हे बंद. घरीसुद्धा."

"काऊन?"

"हात दिसला की ती ओठ बघणार नाही. आवाज काढणार नाही. तुम्हाला ती बोलायला हवी आहे ना? आवाजात?"

त्यांचा चेहरा बदलला. "आवाजात बोलन? मानसात बोलन?"

"बोलेल," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. ही बाई घरी जाऊन पुन्हा हात हलवणार, अशी माझी खात्री होती. मी स्वतः शपथा मानणारी नव्हते. ती मानते, हे मात्र मी ओळखलं होतं. मी म्हटलं, "पमीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या, की तिच्याशी बोलताना हात वर करणार नाही."

त्यांनी तोच उजवा हात पमीच्या डोक्यावर ठेवला, शपथ घेतली आणि हात काढून पदराखाली घातला. पमीने वर बघितलं. अंगठा गळ्याला लावून विचारलं, काऊन? आत्याचे ओठ हलले, हात हलला नाही. पमीने पुन्हा विचारलं. मी दाखल्याचा कागद भरू लागले.

त्या सोमवारी सकाळी पमीला सोडायच्या आणि शनिवारी दुपारी न्यायला यायच्या. मी पहिले काही महिने लक्ष ठेवलं. व्हरांड्यात बसून पोरीची वेणी घालताना त्या तिच्याशी बोलायच्या, आणि उजवा हात पदराच्या टोकात गुंडाळून गाठ मारलेला असायचा. एका हाताने वेणी कशी घालता येते हे मी तिथे पाहिलं. मला ते पाहून बरं वाटायचं. पालक ऐकताहेत, पद्धत रुजते आहे.

पहिल्याच हिवाळ्यात मी घरभेटीला देवळीला गेले. त्या जिनात होत्या, त्यांनी मला आतच बोलावून घेतलं. मी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझे कान गेले. अक्षरशः गेले. अर्धा तास मी तिथे होते. बायका एकमेकींशी बोलत होत्या, नाकाला बोट, गळ्याला अंगठा, मध्येच माझ्या साडीकडे बघून खो खो हसत होत्या. मी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते आणि कुणी बघितलं की उगीच हसत होते. पार्बताबाईंचा हात नुसता नाचत होता. बाहेर आल्यावर माझ्या अंगावरचा कापसाच्या रुईचा भुसा झटकत त्या म्हणाल्या, "शपथ पमीपुरती हाय, बाई. बायांची नाई घेतली." मी हसले. कान परत आल्याचा मला इतका आनंद झाला होता, की अर्धा तास आपण कोण होतो याचा विचार करायचं राहूनच गेलं. बसमध्ये मी घरभेटीचा अहवाल लिहिला. पालक सहकार्य करतात, असा.

आणि पमी बोलू लागली. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे. आरशापुढे बसवून, तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून, मेणबत्तीच्या ज्योतीवर फुंकरीचा प पकडून, मी तिच्याकडून एकेक अक्षर काढलं. तिचा आवाज सपाट होता, थोडा नाकातला, पण स्पष्ट होता. गॅदरिंगला तिने आठ ओळींची प्रार्थना म्हटली तेव्हा पाहुण्यांनी डोळे पुसले. संस्थेच्या अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. मी स्टेजच्या बाजूला उभी होते, आणि माझी मान ताठ होती.

पार्बताबाई शेवटच्या रांगेत होत्या. मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. शाबासकी घ्यायलाच गेले म्हणा ना.

"बोलते बरी," त्या म्हणाल्या. "पन पुसत नाई आता."

"म्हणजे?"

"काऊन म्हनत नाई. वरीस झालं. मी बोलतो, ते मुंडी हालवते. अर्धं समजते, अर्धं सोडून देते. पैले सोडत नव्हती."

"शांत झाली आहे. मोठी होते आहे," मी म्हटलं.

"असन," त्या म्हणाल्या. मग पमीकडे बघत म्हणाल्या, "पन पेटी भराची राहून जाईन अन कुलूप चमकन, असं नोको व्हाले."

मला राग आला. एका जिनवाल्या बाईने मला शिकवावं, हे मला सहन झालं नाही, असं आज स्वच्छ लिहून टाकते. मी वर्गात बघितलं असतं तर मलाही दिसलं असतं. पमी दिलेली वाक्यं म्हणायची. स्वतःचं वाक्य तिच्याकडे नव्हतं. ओठांवरून निम्मंच कळतं, आणि उरलेलं निम्मं सतत अंदाजाने भरताना मूल थकतं, मग भरणं सोडून देतं. हे मला माहीत असायला हवं होतं. पोटासाठी मी तेच काम करत होते.

पमी तेरा वर्षांची होत आली तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी पार्बताबाई तिला वर्गात सोडून माझ्याकडे आल्या. दाराशीच उभ्या राहिल्या.

"पोरगी मोठी झाली, बाई. परवा. रडून राह्यली, भेली हाय. मी सांगतो तं तिले समजत नाई. पोटातलं हाय ते, चित्रात दिसत नाई, बोट दाखवता येत नाई. एक दिवस हात सोडू का? येवढंच सांगाचं हाय. मंग पुन्हा बांधतो."

या बाईने सात वर्षांत माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "एक दिवस म्हणता म्हणता सवय परत येते. सात वर्षांची मेहनत आहे. तुम्ही काळजी करू नका, मी समजावते."

मी समजावलं. फळ्यावर आकृती काढली, शब्द सावकाश उच्चारले, दोनदा उच्चारले. मग विचारलं, "समजलं?" बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्याने हा प्रश्न कधी विचारू नये. त्याला आमच्या शाळेत एकच उत्तर होतं. पमीने मान हलवली. मी फळा पुसला.

त्यानंतर पमी फार गुणी झाली. तिने आपल्या लाल रिबिनी शेजारच्या खाटेवरच्या मुलीला दिल्या. रंगीत पेन्सिली दुसरीला दिल्या. तिच्याकडे काचेच्या बांगड्यांची एक डबी होती, कुणाला हात लावू देत नसे. तीही एका लहान मुलीला देऊन टाकली. मी वर्गासमोर तिचं कौतुक केलं. "बघा, पमी कशी सगळ्यांना वाटून देते," असं फळ्यावर लिहून सगळ्यांकडून वाचून घेतलं. पमीनेही ते वाचलं, मोठ्याने, स्पष्ट उच्चारांत.

तीन महिन्यांनी, एका शनिवारी घरी गेल्यावर, तिने आपला दिवाळीचा फ्रॉक घडी करून शेजारणीच्या मुलीला नेऊन दिला. पार्बताबाईंनी तिला परत आणलं आणि दार लावून घेतलं. पुढचं मला त्यांनीच सोमवारी सांगितलं. त्या वर्गाच्या दाराशी उभ्या होत्या, आणि उजवा हात मोकळा होता.

"मी शपथ मोडली, बाई," त्या म्हणाल्या. "आता पोरगी तुमच्यापाशी ठेवाची का नाई, तुमी सांगा."

"काय झालं?"

"तिले वाटून राह्यलं होतं का ते मरते. दर महिन्याले थोडं थोडं मरते. म्हून समदं वाटून टाकत होती. तीन महिने, बाई. एकटीच." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी हात सोडला. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत बसलो. समदं सांगितलं. मायचं सांगितलं, माह्यं सांगितलं. सात वर्साचं अंगावर साचलं होतं. ते काय म्हने, मालूम हाय? मंग मी मरत नाई? अन मंग पुसलं, काऊन."

मी काय करायला हवं होतं हे सांगायला शहाणपण लागत नाही. मी काय केलं ते सांगते. मुख्याध्यापक मवाळ माणूस होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गाची मुलगी आहे, तुम्ही म्हणाल तसं." मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. जेवणाच्या सुट्टीत अहवाल लिहिला. 'पालकांनी प्रवेशाच्या अटीचा भंग केला असून शिक्षणपद्धतीस बाधा येत आहे.' अक्षर सुंदर आलं होतं. कारण असं होतं, की पार्बताबाई बरोबर असतील तर माझी सात वर्षं चूक होती, आणि एकट्या पमीची नव्हे, तर माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाची. हे पेलण्यापेक्षा एक बाई आणि एक मुलगी गेटाबाहेर जाणं मला सोपं वाटलं.

दाखला घेऊन त्या निघाल्या तेव्हा पमी माझ्याकडे वळून वळून बघत होती. पार्बताबाईंनी गेटापाशी पायातल्या चपला काढल्या आणि तिथेच ठेवून अनवाणी बस स्टँडच्या रस्त्याला लागल्या. विसरल्या असतील, असं समजून मी शिपायाला चपला घेऊन पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, "नोको म्हनते."

मग चार-पाच वर्षं गेली. नागपूरला शिक्षकांसाठी एक शिबिर होतं, तिथे मला पाठवलं. एका दुपारी पाहुण्या व्याख्यात्यांनी पडदा लावला आणि परदेशातून आलेली एक पद्धत दाखवली. एक गोरी बाई आपल्या बहिऱ्या मुलीशी बोलत होती. बोलताना तिचा हात हनुवटीपाशी होता. बोटं मिटत होती, उघडत होती, गालाशी जात होती, गळ्याशी जात होती. व्याख्याते सांगत होते, ओठांवर सारखे दिसणारे आवाज हाताच्या ठेवणीने वेगळे करायचे, म्हणजे मुलाला अख्खा शब्द दिसतो. हे हातवारे नव्हेत, ही बोलण्याला जोड आहे. याने मुलं भाषा शिकतात, वाचायला शिकतात, प्रश्न विचारू लागतात. पद्धतीचं नाव होतं क्यूड स्पीच. सगळे भराभर लिहून घेत होते. मी वहीत 'पार्बताबाई' एवढंच लिहिलं, आणि पुढचं मला दिसेना.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तेवढं बोलताना माझे हात मांडीवर घट्ट दाबलेले होते.

पुढच्याच रविवारी मी देवळीला गेले. तीच आमची शेवटची भेट. त्या होळीपर्यंतही पार्बताबाई राहिल्या नाहीत.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीत शिलाई मशीन, भिंतीवर ब्लाउजांची कापडं, आणि मशीनवर पमी. सतरा-अठरा वर्षांची, तेच टपोरे डोळे. तिने मला ओळखलं, उठून पाणी दिलं आणि मी शिकवलेल्या स्पष्ट उच्चारांत म्हणाली, "बसा बाई." मशीनवर त्या दिवसाचं वर्तमानपत्र उघडं होतं. ती ते रोज आत्याला वाचून दाखवते, असं शेजारणीने सांगितलं.

पार्बताबाई खाटेवर होत्या. वर्षानुवर्षं रुईचा भुसा छातीत जाऊन त्यांचा दम गेला होता. ओठ हलत, पण शब्दाला पुरेल एवढा श्वास नव्हता. खाटेवरून खाली सोडलेले पाय मला दिसले. टाचांना भेगा पडून त्या काळ्या झाल्या होत्या. शेजारीण म्हणाली, चार-पाच वर्षं झाली, पार्बतानं पायात काई घातलं नाई, कसलं तरी व्रत हाय म्हनते.

त्यांनी मला पाहिलं आणि उजवा हात उचलला. हनुवटीपाशी नेला. ओठ हलले, बोटं हलली. मला काहीच कळलं नाही. मी जिनातल्यासारखी नुसती तोंडाकडे बघत राहिले. आणि मग पमी बोलली. खाटेच्या उशाशी बसून, आत्याच्या ओठांवर आणि हातावर डोळे ठेवून, ती एकेक वाक्य मला मोठ्याने सांगू लागली. ऐकू न येणारी मुलगी, आवाज न फुटणाऱ्या बाईचं बोलणं मला ऐकवत होती. आवाज मी दिलेला होता. बाकी सगळं, जे मी बंद करायला लावलं होतं, ते होतं.

"आत्या म्हनते, बरं झालं आल्या. आत्या वाट पाहे."

मी म्हटलं, "मी माफी मागायला आले आहे. तुमचं बरोबर होतं. सगळं बरोबर होतं." हे मी पार्बताबाईंकडे बघून म्हटलं, त्यामुळे पमीला दिसलं नाही. पार्बताबाईंनी हात हलवून ते बाजूला सारलं, जसं काही मी चहात साखर कमी पडली एवढंच म्हटलं होतं. त्यांना दुसरंच काही हवं होतं. हात पुन्हा हनुवटीपाशी गेला.

"आत्या म्हनते," पमी म्हणाली, "शपथ सोडवा." ती आत्याकडे वळली, अंगठा गळ्याला लावला. "कोनती शपथ?"

पार्बताबाईंनी तिला सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, पण पमीचा चेहरा वाचायला हाताची साक्ष लागत नव्हती. सहाव्या वर्षी एका सकाळी आत्याचा हात गप्प झाला, तो का, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? सांगायचा हातच बांधलेला होता. आणि पुढे हात सुटला तेव्हा पार्बताबाईंनी ते मुद्दाम सांगितलं नसावं, पोरीने शाळेचा राग धरू नये म्हणून. पमी सावकाश माझ्याकडे वळून म्हणाली, "मले वाटे, आत्या माह्यावर रागावली."

मग ती पुढचं सांगू लागली, अडखळत, कारण आता तिला स्वतःला ते कळत होतं. आत्या म्हणते, मोडलेली शपथ पोरीच्या डोक्यावर राहते. आत्याने ती आपल्या पायांवर घेतली, चपला सोडल्या. पण आता आत्या जाईल, मग ती पोरीवर परत येईल. ज्याने घातली त्यानेच सुटली म्हणायला पाहिजे.

त्या बाईने चार-पाच वर्षं देवळीच्या तापलेल्या रस्त्यांवरून, कापसाच्या वावरांतून पाय जाळत काढली होती. मी जी शपथ स्वतः मानत नव्हते, तिच्यासाठी. मी उठले. पमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सुटली."

पार्बताबाईंनी डोळे मिटले. हात हनुवटीवरून खाली आला आणि गोधडीवर मोकळा पडून राहिला.

पमी माझ्याकडे बघत होती. तिच्या डोक्यावरचा माझा हात मी काढून घेतला आणि खुर्चीवर बसले. तिने अंगठा गळ्याला लावला. या वेळी आवाजही काढला, तो सपाट, स्पष्ट, माझा आवाज.

"काऊन?"

मी सांगायला लागले. की मी तेवीस वर्षांची होते, की मला तसंच शिकवलं होतं, की मला वाटलं तुझ्या भल्यासाठी. मी बरंच बोलले असेन. पमी माझ्या ओठांकडे एकटक बघत होती, मध्येच तिचे डोळे अरुंद होत होते, आणि मग तिने मान हलवली. पण ती समजल्याची मान नव्हती. तिने नकार दिला, काही कळत नाही म्हणून. वर्गात तिने असं एकदाही केलं नव्हतं.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही हात मांडीखाली होते. कधी गेले, मला कळलंच नव्हतं.

पमी उठून माझ्याजवळ आली. तिने माझा उजवा हात मांडीखालून काढला, हनुवटीपाशी आणून ठेवला, आणि म्हणाली, "आता सांगा."

हात तिथे होता. मला त्यातलं एक अक्षरही येत नव्हतं.